काया, शाया, माया : नागपूरच्या एका स्वतंत्र हिप-हॉप अल्बमचं प्रकरण

आमच्या गाण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवून जेमतेम दोन आठवडे झाले असतील. रात्री साडेअकराला रॅप लिहिणाऱ्या पोराचा फोन आला. "भाऊ, आपल्या गान्यावर कोनाचा तरी क्लेम येऊन राह्यला. म्हनते, बीट त्याईचा हाय."

बीट म्हणजे रॅपच्या खाली वाजणारं तयार संगीत. तो बीट त्यांचा नव्हता आणि आमचाही नव्हता. नेटवर बीट विकणाऱ्या एका परदेशी पोऱ्याकडून थोडक्या पैशात तो भाड्यानं घेतलेला होता. असा भाड्याचा बीट एकाच वेळी पन्नास जणांना दिलेला असतो. त्या पन्नासांतल्या कुणा एकानं आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत नोंदवलं, की यंत्र उरलेल्या एकोणपन्नासांच्या गाण्यांत तोच आवाज ओळखतं आणि जाहिरातीचा पैसा नोंदवणाऱ्याकडे वळवतं. यंत्राला पावती दिसत नाही, फक्त आवाज जुळलेला दिसतो. आमच्याकडे पावती होती, म्हणून हरकत नोंदवली. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. त्यानं उत्तर दिलंच नाही आणि क्लेम आपोआप गळून पडला. पण गाण्याचा पहिला महिना, म्हणजे लोक एकमेकांना लिंक पाठवतात तो महिना, हातातून गेला तो गेलाच.

तेव्हा अल्बमसाठी आठ गाणी तयार होती. त्यातली सहा भाड्याच्या बीटवर होती. पोरांनी ती सहाही फेकली. मी थांबा म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही, आणि बरं झालं नाही ऐकलं. पुढे जे घडलं त्याची नोंद मी इथे करतोय, कारण नागपुरात आणि आजूबाजूच्या गावांत आज शेकडो पोट्टे मोबाइलवर रॅप लिहून राहिलेत आणि त्यांना याच वाटेनं जायचं आहे. अल्बमचं आणि पोरांचं नाव मुद्दाम देत नाही. ही जाहिरात वाटू नये. एकाला लिहिणारा म्हणतो, दुसऱ्याला बीटवाला. दोघं उत्तर नागपुरातले, एकाच शाळेतले.

माझं काम रेकॉर्डिंगचं. दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. वर्षभर येतात ती भीमगीतं, देवीची जसगीतं, झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी, निवडणुकीत ऑटोवर फिरणाऱ्या जाहिराती. हिप-हॉप मला या पोरांनी शिकवलं. मी त्यांना माइक कुठे ठेवायचा ते शिकवलं.

धुमालचा ताशा

बीट फेकले तेव्हा बीटवाल्यासमोर लॅपटॉप होता आणि आठशे-आठचे तेच ते आवाज होते, जे जगातल्या प्रत्येक ट्रॅप गाण्यात (हिप-हॉपचाच एक प्रकार) असतात. रोलँड कंपनीनं १९८० साली काढलेलं टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र. खोट्या ढोलाचा आवाज खरा वाटत नाही म्हणून तेव्हा ते फारसं खपलं नाही, तीनेक वर्षांत बंद पडलं, आणि नंतर त्याच खोट्या, खोल, लांबत जाणाऱ्या किकवर, म्हणजे ढोलाच्या जाड ठोक्यावर, अख्खं हिप-हॉप उभं राहिलं. तो किक टाकायचा नाही असं आमचं म्हणणं कधीच नव्हतं. प्रश्न होता त्याच्या वर काय वाजणार याचा.

उत्तर गल्लीतून आलं, अगदी अक्षरशः. स्टुडिओच्या खालून वरात चालली होती आणि धुमाल वाजत होतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: धुमाल म्हणजे आपल्याकडे लग्नात, विसर्जनात, जयंतीच्या मिरवणुकीत वाजवणारी टोळी. गाडीवर भोंगे आणि स्पीकर, एक कॅसिओ, एक पॅड, आणि सोबत ढोल-ताशे. नागपुरात आणि तिकडे दुर्ग-रायपूरकडे याचं मोठं वेड आहे. मोठमोठ्या स्टुडिओत बसून संगीत करणाऱ्यांना हा आवाज आवाजच वाटत नाही, गोंगाट वाटतो. बीटवाला खिडकीत उभा राहून वरात चौकाच्या पलीकडे जाईपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ, हे आपन रेकॉर्ड काहून नाई करत?"

धुमालवाल्या मामांच्या गोदामात आम्ही एका दुपारी गेलो. पाच वाजवणारे होते. पहिली गोष्ट कळली ती अशी की जवळ माइक लावून ताशा घेता येत नाही. काडी पडते तेव्हा इतकं तीक्ष्ण टोक येतं की माइकचा आवाज फाटतो आणि फाटलेलं पुन्हा शिवता येत नाही. आठ फुटांवर, डोक्याच्या वर एक माइक टांगला, ढोलाच्या जाड बाजूला एक, आणि तिसरा गोदामाच्या दारात, उलट्या दिशेला तोंड करून. त्या तिसऱ्या माइकनं पत्र्याच्या भिंतींवरून परतलेला आवाज पकडला. अल्बमभर जो मोकळा, धुळकट अवकाश ऐकू येतो तो तिथला आहे. त्यासाठी कृत्रिम रिव्हर्ब, म्हणजे यंत्रानं दिलेला घुमारा, कुठेही वापरलेला नाही.

दुसरी अडचण मापाची होती. पोरांचं रॅप चाराच्या मापात बसवलेलं, आणि मामांची चाल सहाची, झोका देणारी. बीटवाल्यानं दोन रात्री डोकं खाजवलं. शेवटी त्यानं किक आणि टाळी चारात ठेवली आणि प्रत्येक मात्रेच्या आत ताशाला तीन-तीन ठोके दिले. म्हणजे पाय चारात चालतो आणि खांदा सहात हलतो. लिहिणाऱ्याला मग ओळी नव्यानं तोडाव्या लागल्या. तीन-तीन अक्षरांचे घोस करून बोलायला लागलं, की ओळ ताशावर बसते. चार-चारानं बोललं की ताशाच्या आडवी जाते. ज्या कडव्यात राग आहे तिथे त्यानं मुद्दाम आडवी घातली. ही जागा मला अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात जास्त आवडते.

तिसरी अडचण म्हणजे लय पळायची. मामांना कानात क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, देऊन बघितली. त्यांनी दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवला. "हे टिकटिक आयकून मिरवनूक पुढं सरकत नाई." क्लिकशिवाय वाजवलेलं मोजलं तर मिनिटाला ९२ ठोक्यांवर सुरू होऊन चौथ्या मिनिटाला १०१ वर गेलेलं. कुठल्याही शिकलेल्या माणसाचा हात इथे कात्रीकडे जातो: चांगला वाजलेला दोन आवर्तनांचा तुकडा कापायचा आणि तोच फिरवायचा. आम्ही पाच गाण्यांत तेच केलं. सहाव्यात नाही. सहाव्या गाण्यात मामांचं वाजवणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसंच ठेवलं आणि आठशे-आठचा प्रत्येक किक बीटवाल्यानं हातानं, माउसनं, ताशाच्या मागे मागे सरकवला. यंत्रानं माणसाच्या मागे जायचं. गाणं संपता संपता चढत जातं आणि ऐकणाऱ्याला का ते कळत नाही. चौक जवळ आला की वरात अशीच चढते.

ळ चा य

आता भाषेबद्दल. इथे थोडं थांबतो, कारण हा अल्बम लोकांनी आपला का मानला याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण यात आहे.

सुरुवातीची गाणी पोरांनी अर्धी हिंदीत, अर्धी पुस्तकी मराठीत लिहिली होती. मुंबईच्या गल्ली रॅपची छाप स्पष्ट होती, आणि त्यात वावगं काही नाही. डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांनी २०१५ मध्ये कुर्ला-अंधेरीची बोली रेकॉर्डवर आणली नसती तर आमच्या पोरांना आपल्या गल्लीकडे पाहायचं धैर्य झालं नसतं. पण छाप ती छापच. लिहिणारा घरी आईशी बोलतो वेगळं आणि माइकवर बोलतो वेगळं, हे मला ऐकू यायचं. माइकपुढे त्याचा गळा आवळायचा.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीत 'ळ' चा 'य' होतो. काळा तो काया, शाळा ती शाया, डोळा तो डोया. 'माझा'चंही 'माया' होतं. आता हे यमकाच्या नजरेनं पाहा. पुस्तकी मराठीत 'काळा' ला जोड शोधायला बाळा, माळा, टाळा असं त्याच त्या गल्लीत फिरावं लागतं. बोलीत 'काया' म्हटलं की दार उघडतं: माया, छाया, वाया, पाया, सगळे आत येतात. आणि 'काया' म्हणजे काळा, तसंच शरीरही. 'माया' म्हणजे माझा, आणि आईची माया. एका शब्दात दोन अर्थ आपसूक बसतात. पुण्याच्या पोराला हे यमक जुळवायला कसरत करावी लागेल. आमच्या पोराला फक्त घरच्यासारखं बोलायचं होतं.

त्यानं एका रात्रीत लिहिलेलं कडवं असं:

काया पोट्टा, काया रस्ता, काया रातीची छाया,
शाया सुटली, गल्ली भेटली, थेच झाली शाया.
कोनी म्हने शब्द सुधर, म्हनलो शब्द माया,
बापानं ज्या घामात लिवला, थ्या घामाची काया.

'करून राह्यलो', 'जाऊन राह्यलो' ही क्रियापदंही कामी आली. 'करतोय' चार अक्षरांत संपतं. 'करून राह्यलो' ला शेपूट आहे, आणि ते शेपूट ताशाच्या तीन ठोक्यांवर बरोबर पडतं. मी आधी म्हणत होतो की पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना कळणार नाही. माझी ती भीती चुकीची होती. २०१७ मध्ये दिल्लीच्या टिळक नगरातल्या प्रभदीपनं 'क्लास-सिख' हा अल्बम पंजाबीत काढला. सेझ ऑन द बीटचं संगीत, नव्यानं निघालेलं आझादी रेकॉर्ड्स हे छोटं लेबल. पंजाबी न येणाऱ्यांनीही तो देशभर ऐकला. एक मोहल्ला, एक आवाज, एक संगीतकार, असं पूर्ण जग ज्या अल्बममध्ये उभं राहतं त्यात अनोळखी शब्दही ऐकणाऱ्याला बाहेर काढत नाहीत. आमच्या पोरांच्या डोक्यात तो अल्बम कायम होता.

कूलर बंद करा

रेकॉर्डिंग मे महिन्यात आलं, कारण धुमालवाल्यांचा लग्नाचा सीझन आणि पोरांच्या परीक्षा यांतून तेवढीच फट मिळाली. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ ला भिडलेला. माझ्या स्टुडिओत एसी कंट्रोलच्या खोलीत आहे, गाण्याच्या खोलीत नाही. तिथे कूलर. आणि कूलरची घरघर ही अशी चीज आहे की ती सगळ्या पट्ट्यांवर सारखी पसरलेली असते. गाळायला गेलं की आवाजाचे 'स' आणि 'श' सोबत गळतात आणि माणूस बोबडा वाटायला लागतो.

म्हणून रात्री एकनंतर काम. कूलर बंद, खिडकीला गोधड्या, मागे उभी केलेली गादी. पंधरा मिनिटं गायचं, पाच मिनिटं कूलर लावायचा, घाम पुसायचा, पुन्हा बंद. तिसऱ्या रात्री लिहिणाऱ्यानं सगळ्यात चांगला टेक दिला तेव्हा त्याच्या हनुवटीवरून घाम माइकच्या जाळीवर पडत होता. त्या टेकमध्ये दुसऱ्या कडव्याच्या आधी श्वास लागलेला ऐकू येतो. बीटवाला तो श्वास कापत होता. मी राहू दे म्हटलं.

अल्बम उघडतो तो कूलर सुरू होण्याच्या आवाजानं: बटण, मग पंपाची बुडबुड, मग वाळ्याच्या ताटीवर पाणी ओघळायला लागल्याचा आवाज, मग पंखा. अठरा सेकंद. नागपूरचा माणूस तिसऱ्या सेकंदाला ओळखतो.

याच दिवसांत एक गोष्ट आम्ही करता करता थांबलो. पोरांना एका जुन्या कॅसेटमधल्या भीमगीताच्या दोन ओळी घ्यायच्या होत्या. वामनदादा कर्डकांपासून चालत आलेला तो प्रवाह या पोरांच्या कानावर जन्मापासून आहे. रॅप त्यांना परका वाटला नाही त्याचं कारण तेच असावं: स्टेजवर उभं राहून, तालावर, समोरच्याला थेट प्रश्न विचारणं त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो, आणि गीत-संगीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं. परवानगी न घेता दोन ओळी टाकल्या असत्या तर ज्या कारणानं सहा बीट फेकले तेच कारण आम्ही स्वतः दुसऱ्यासाठी झालो असतो. शिवाय ज्यांच्या शब्दांवर आपण वाढलो त्यांचे शब्द न विचारता उचलायचे, हे मला पटत नव्हतं. मग लिहिणाऱ्याच्या आजीला स्टुडिओत आणलं. तिनं जात्यावरच्या परंपरेतली ओवी स्वतःच्या आवाजात म्हटली. जातं नव्हतं, तर तिनं हात गोल फिरवत म्हटली, म्हणून लय सुटली नाही. सातव्या गाण्याचा पाया ती ओवी आहे.

ऑटोत ऐकून बघा

मिक्सिंगवर एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण नवी पोरं इथे सगळ्यात जास्त चुकतात.

आठशे-आठचा किक मुळात ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास राहतो. मोबाइलच्या स्पीकरला तो भाग वाजवताच येत नाही. पोरांनी हेडफोनवर मिक्स केलेलं गाणं मित्राच्या मोबाइलवर लावलं की किक गायब आणि नुसता ताशा कडकडतो. यावर उपाय किक मोठा करणं हा नाही. किकला थोडं मुद्दाम फाटवायचं, म्हणजे त्याच्या वरच्या पटीतले सूर उमटतात, आणि मोबाइल तेवढेच वाजवतो. खालचा मूळ सूर कान स्वतः भरून काढतो. आम्ही प्रत्येक गाण्यात किकचा सूर ढोलाच्या सुराशी जुळवून घेतला, नाहीतर दोन जाड आवाज एकमेकांना गिळतात.

दुसरं, लाउडनेस. पहिला मास्टर, म्हणजे गाण्याची शेवटची पक्की प्रत, पोरांच्या आग्रहानं मी उणे ७ लफ्सपर्यंत (लफ्स हे लाउडनेस मोजायचं माप) दाबून दिला, कारण बाहेरच्या गाण्यांपेक्षा आपलं लहान ऐकू येऊ नये अशी त्यांना धास्ती. स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांना साधारण उणे १४ वर आणून वाजवतं. म्हणजे आमचं गाणं सात डेसिबलनं खाली आलं, आणि दाबताना ताशाचे जे शेंडे छाटले गेले होते ते काही परत उगवले नाहीत. गाणं मोठंही राहिलं नाही आणि धारदारही नाही. दुसरा मास्टर उणे १० च्या आसपास केला. ताशा पुन्हा काडीसारखा वाजायला लागला.

तपासणी कुठे केली? माझ्या स्टुडिओच्या स्पीकरवर, मोबाइलवर, इंदोऱ्यातल्या एका कटिंगच्या दुकानात, ओळखीच्या ऑटोत मागच्या सीटच्या स्पीकरवर, आणि शेवटी मामांच्या धुमालगाडीवर. ऑटोत चौथ्या गाण्याचे शब्द इंजिनाखाली बुडत होते. परत येऊन आवाज दीड डेसिबल वर घेतला आणि कॅसिओ खाली ओढला. धुमालगाडीवर सातव्या गाण्यातली आजी लागली तेव्हा गोदामातले सगळे वाजवणारे हातातलं काम सोडून ऐकत बसले. त्यानंतर मी त्या गाण्याला हात लावला नाही.

किंमत किती ठेवायची

आता अल्बम तयार, नऊ गाणी. काढायचा कसा?

लिहिणाऱ्यानं निप्सी हसलचा किस्सा काढला. लॉस एंजेलिसच्या या रॅपरनं ऑक्टोबर २०१३ मध्ये 'क्रेनशॉ' ही मिक्सटेप, म्हणजे अल्बमसारखा गाण्यांचा संच, काढली. नेटवर सगळ्यांना फुकट, आणि सोबत एक हजार छापील प्रती, प्रत्येकी १०० डॉलरला. चोवीस तासांत संपल्या. नावाजलेला रॅपर जे-झी यानं एकट्यानं शंभर घेतल्या. मोठ्या कंपनीचा करार सोडून त्यानं स्वतःच्या रेकॉर्डिंगची मालकी स्वतःकडे ठेवली होती, म्हणून ते लाख डॉलर थेट त्याच्या घरी गेले. "आपन बी हजार रुपयाचा पेनड्राइव्ह काढू," लिहिणारा म्हणाला. "शंभरच. पाहा कसे संपते."

मी विरोध केला आणि आजही त्यावर ठाम आहे. निप्सीनं तोवर कित्येक वर्षं मिक्सटेप फुकट वाटल्या होत्या. १०० डॉलर हे त्या सगळ्या वर्षांचे होते, एका डबीचे नव्हते. आणि तो ज्या भागात वाढला त्याच भागाचं नाव त्या टेपला होतं. तिथल्या माणसाला प्रत घेणं म्हणजे आपल्या चौकावर पैसा लावणं वाटलं. आमच्या पोरांनी चौक निवडला होता, वर्षं अजून साठवायची होती. शेवटी ठरलं असं: यूट्यूबवर सगळं फुकट. पेनड्राइव्ह शंभर, २५० रुपयांना, आणि सोबत लिहिणाऱ्याच्या हस्ताक्षरातल्या सगळ्या गाण्यांची झेरॉक्स वही, शिवलेली, प्रत्येकीवर आकडा.

'स्वतंत्र' या शब्दाबद्दल एक गोष्ट मी पोरांना वारंवार सांगितली. मॅकलमोर आणि रायन लुईस या अमेरिकी हिप-हॉप जोडीचा 'द हाइस्ट' हा २०१२ चा अल्बम स्वतंत्र म्हणून जगभर गाजला, अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या क्रमांकावर आला, ७८ हजार प्रती गेल्या, २०१४ मध्ये ग्रॅमी मिळाले. पण वितरण वॉर्नरच्या एडीए या शाखेकडून झालं होतं, आणि पुढे रेडिओवर गाणं पोचवायलाही मोठ्या कंपनीची माणसं घेतली गेली. त्यात लबाडी काही नाही. मदत विकत घेतली, मालकी विकली नाही. तेवढा फरक पोरांना कळायला हवा होता.

मालकीसाठी साध्या कागदावर करार केला. रेकॉर्डिंग दोघांचं निम्मं-निम्मं. शब्द लिहिणाऱ्याचे, संगीत बीटवाल्याचं. दोघांनी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सदस्यत्व घ्यायचं, कारण गीत-संगीताची रॉयल्टी तिकडून येते आणि सदस्य नसलेल्याच्या नावानं ती येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला सही देऊनही सोडून देता येत नाही, हे मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंग ओळखायचा बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. गाण्यांची नावं देवनागरीत लिहिली आणि रोमन लिपीत एकच स्पेलिंग ठरवून टाकलं, नाहीतर शोधणाऱ्याला तीन ठिकाणी तीन अर्धी गाणी सापडतात.

दीक्षाभूमीच्या रस्त्यावर

पेनड्राइव्ह कुठे विकायचे याचा विचार करायला लागलाच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी ज्या भूमीवर धम्मदीक्षा घेतली तिथे दरवर्षी अशोक विजयादशमीला लाखो माणसं येतात, आणि येताना पुस्तकं घ्यायला येतात. जगात किती ठिकाणी असं होतं मला ठाऊक नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचे स्टॉल आणि त्यांच्यातच गाण्यांचे. आधी कॅसेट, मग सीडी, मग मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह. कुठल्याही लेबलशिवाय, कुठल्याही रेडिओशिवाय, गायकानं गाणं काढायचं आणि ऐकणाऱ्याच्या हातात द्यायचं ही व्यवस्था आमच्या शहरात हिप-हॉप येण्याच्या खूप आधीपासून चालू आहे. स्वतंत्र संगीत म्हणजे काय हे पोरं परदेशी मुलाखतींतून शिकत होती आणि ते त्यांच्या घरापासून पाच किलोमीटरवर दरवर्षी भरत होतं.

ओळखीच्या पुस्तकवाल्यानं स्टॉलचा एक कोपरा दिला. एका छोट्या स्पीकरवर सातवं गाणं लावलेलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत फार कुणी थांबलं नाही. मग यवतमाळकडून आलेल्या एका बाईंनी ओवी ऐकली, थांबल्या, स्पीकरजवळ वाकल्या. ओवी संपून ताशा आणि रॅप सुरू झालं तेव्हा त्या हलल्या नाहीत. गाणं संपल्यावर लिहिणाऱ्याला विचारलं, "हे म्हतारी कोन रे बापा?" "माई आजी." त्यांनी दोन वह्या घेतल्या, एक स्वतःला, एक नातवाला. शंभरच्या शंभर त्या गर्दीतच गेल्या. वह्या पेनड्राइव्हपेक्षा जास्त मागितल्या गेल्या. नुसती वही द्या, गाणं मोबाइलवर आहे, असं सांगणारे कितीतरी आले. पुढच्या वेळी वही वेगळी छापायची, एवढं तिथेच ठरलं.

स्ट्रीमिंगचा पैसा नगण्य आला. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजारदा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच धरत नाहीत, आणि आमची काही गाणी तिथवर पोचली, काही नाही. दुसरं आणि आठवं गाणं तर कुणी फारसं ऐकलंच नाही. ती दोन्ही उरलेल्या जुन्या धाटणीची होती, भाड्याच्या बीटच्या काळातली. खरा पैसा आला तो कार्यक्रमांतून: १४ एप्रिलच्या जयंतीच्या स्टेजवर, कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये, आणि एका गावात चक्क नाटकाच्या आधी. एका आयोजकानं ठरलेली रक्कम शेवटपर्यंत दिली नाही. तेव्हापासून पोरं अर्धे पैसे आधी घेतात.

मामांचा वाटा

एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्या हातून चुकली होती.

कराराच्या कागदावर मामांचं आणि वाजवणाऱ्यांचं नाव नव्हतं. एका दुपारचं मानधन रोख दिलं, वहीच्या मागच्या पानावर आभार छापले, आणि मला ते पुरेसं वाटलं, कारण वर्षानुवर्षं स्टुडिओत असंच चालत आलं आहे. डिसेंबरमध्ये लग्नाचा सीझन सुरू झाला. कामठी रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो आणि समोरून वरात आली. धुमाल मामांचंच. कॅसिओवर आमच्या सहाव्या गाण्याची धून वाजत होती आणि ताशा तोच, चढत जाणारा. वरातीतली पोरं 'काया पोट्टा, काया रस्ता' ओरडत नाचत होती.

मी लिहिणाऱ्याला फोन लावून आवाज ऐकवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, धून त्याईनं आपली घेतली का आपन त्याईची?"

सहाव्या गाण्याची ओळख म्हणजे तो चढता ताशा. तो मामांनी वाजवला, आम्ही फक्त त्याच्या मागे किक सरकवले. २०१२ च्या दुरुस्तीनं वाजवणाऱ्यालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला आहे. तो कायदा मी पोरांना वाचून दाखवला होता आणि मामांपर्यंत नेला नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही तिघं गोदामात गेलो. जुना कागद फाडला, नवा लिहिला. सहाव्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे तीन सारखे वाटे केले, त्यातला एक वाजवणाऱ्या पाच जणांचा, आणि संगीतकार म्हणून बीटवाल्याच्या शेजारी मामांचं नाव. मामांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, 'संगीत' या शब्दावर बोट ठेवून एकदा बीटवाल्याकडे पाहिलं, आणि सही केली. मग म्हणाले, पुढच्या अल्बमला ते दोन ताशे आणतील, एकानं जमत नाही.